मधली चौकट

सुमन,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. एकाच्याही तोंडून वाकडा शब्द आला नाही आणि तिथेच मला संशय आला. माणूस गेलं की लोकांच्या जिभेवर साखर येते, ती कुठल्या डब्यातून येते कोण जाणे. मॅनेजरसाहेब उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुमनताई म्हणजे मॅनेजमेंट आणि स्टाफ यांच्यातला पूल होत्या." मी मेणबत्त्यांकडे बघत बसले. तुझ्या फोटोकडे बघितलं असतं तर हसू आलं असतं, कारण फोटोतही तू ओठ आवळून हसू दाबून बसली आहेस.

निघाले तेव्हा मालतीबाई मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या. तिथे त्या जे बोलल्या त्याने माझं डोकं अजून भणभणतंय. पण ते आधी सांगितलं तर बाकीचं सांगायला मला तोंड राहणार नाही, म्हणून क्रमाने सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. ऐकायचीस तू छान, एवढं मी तुझ्या हयातीतही कबूल करत होते.

वाशीच्या आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये पावती सेक्शनला आपण एका बाकावर बसलो तेव्हा मशीन नव्हती. व्यापारी बटाटा, चिंच, मिरची ठेवून जायचे, आपण कार्बन घालून पावती फाडायचो. माल न्यायला आला की पावती बघून सोडायचो. सेक्शनमध्ये सगळ्या बायका आणि सगळ्यांत वरच्या मालतीबाई, ज्यांचं अक्षर बघून व्यापारी म्हणायचे की पावती फ्रेम करून लावावी. तू नेरूळहून यायचीस, मी बोनकोड्याहून. बसायला लागल्यापासून आठवड्याभरात तू माझ्या डब्यातली सुकटीची चटणी खायला लागलीस आणि मी तुझ्याकडच्या कुळथाच्या पिठल्याची वाट बघायला लागले.

मग मशीन आली. काचेची खोली केली, तिला एसी लावला, आणि दारात पाटी लावली की चपला बाहेर काढा. मी म्हटलं, देऊळच की हे, फक्त प्रसाद कोणाला मिळतो ते बघायचं. खरी मशीन आत काचेत आणि आपल्या टेबलांवर तिची टीव्हीसारखी तोंडं, काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं. पावती आता त्यात टाइप करायची. सगळ्यात वाईट म्हणजे, एक बटण चुकून दाबलं की अख्खी पावती गडप. विचारणं नाही, सांगणं नाही. समोर व्यापारी उभा, "ओ ताई, माझा बटाटा गेला कुठं?" आपण म्हणायचं, "बटाटा हाय हो गोदामात, मशीनमधून गेलाय." तो म्हणायचा, "मशीनमधून गेला तर गोदामात राहील कशावरून?" त्याचंही खरंच होतं.

म्हणून सगळ्यांनी एक युक्ती काढली. आधी पावती जुन्या कागदाच्या पाठीवर हाताने लिहून काढायची, ती पदराआड मांडीवर धरायची आणि मग बघून टाइप करायची. एकाच कामाला दोनदा हात, आणि साहेब आले की कागद ड्रॉवरमध्ये. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय झकास चाललंय मशीनवर. तूही लिहायचीस. माझ्याइतक्या घाईने ड्रॉवर लावायचीस.

तेवढ्यात ती आवई उठली की मशीनने काम हलकं झालंय, एवढ्या बायका कशाला. कोणी म्हणे दोघी जाणार, कोणी म्हणे निम्म्या. आमच्या घरी तेव्हा माझ्या पगारावर चूल होती. नव्या शहरासाठी जमीन गेली होती, भावाला नोकरीचा शब्द मिळाला होता, नोकरी मिळाली नव्हती. माझी खुर्ची गेली असती तर बाबा ओट्यावर बसून काय खाणार होते, हा प्रश्न मला मशीनपुढे बसल्या बसल्या पडायचा.

आणि नेमक्या त्याच दिवसांत तुझ्या चपला काचेच्या खोलीबाहेर दिसायला लागल्या.

मशीन बसवणाऱ्या कंपनीचा तो कर्णिक. टाय लावून खाडीपूल ओलांडून यायचा आणि घामाने भिजलेला असायचा. त्याला इंग्रजी येणारं कोणीतरी हवं होतं, साहेबांनी तुला दिलं. रोज दुपारी तू आत, चपला बाहेर, निळ्या पट्ट्यांच्या. मी येता-जाता त्यांच्याकडे बघायचे. तू आत काय बोलतेस ते काचेतून ऐकू यायचं नाही, फक्त तोंड हललेलं दिसायचं. सांगते ना, माणसाचं तोंड दिसतं आणि शब्द ऐकू येत नाहीत, यासारखं संशयाला खतपाणी नाही. शेजारच्या टेबलावरची ज्योती म्हणाली, "ही आपली नाय राहिली आता." मी नाही म्हटलं नाही.

मग तू ते कागद वाटलेस. दहा वाक्यं, तू मराठीत करून टाइप केलेली. प्रत्येकापुढे पाच चौकटी. पहिल्या चौकटीत 'अजिबात पटत नाही', शेवटच्या चौकटीत 'पूर्ण पटतं'. नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची. मशीन वापरायला सोपी की अवघड, हे म्हणे यावरून मोजायचं होतं आणि शंभरापैकी आकडा काढायचा होता. आपण काय भाजी तोलतोय का, असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

त्यातही ती चलाखी! एक वाक्य गोड, पुढचं कडू. 'मशीन शिकायला मला फार दिवस लागले नाहीत.' लगेच खाली, 'मशीनपुढे बसलं की मला धास्ती वाटते.' मी तुला विचारलं, "हे असं उलटसुलट कशाला?"

"न वाचता वरपासून खालपर्यंत एकच खूण करतात ना काही जण," तू म्हणालीस. "तसं करू नये म्हणून."

"म्हणजे आमच्यावर संशय की! कागदच आमच्यावर संशय घेतोय, मग आम्ही का नाही घ्यायचा?"

तू हसलीस. मी हसले नाही.

चहाच्या वेळी आम्ही बसलो, तू सोडून. हिशेब सरळ होता. सोपी म्हटलं तर माणसं जास्त झाली, अवघड म्हटलं तर माणूस कुचकामी. इकडे आड, तिकडे विहीर. मीच म्हटलं, सगळ्यांनी मधली चौकट धरा. दहाच्या दहा वाक्यं, मधलीच चौकट. पटतंही नाही, पटत नाही असंही नाही. बघू कसे मोजतात. मालतीबाईसुद्धा काही न बोलता तयार झाल्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कर्णिकने बेरीज केली तर प्रत्येकीचे बरोबर निम्मे. एकीचा आकडा पुढे नाही की मागे नाही. तो म्हणे साहेबांना म्हणाला, "तुमच्या स्टाफमध्ये काय युनिटी आहे हो!" साहेबांना ते कौतुक वाटलं. तू काचेआड डोकं धरून बसली होतीस. मला बरं वाटलं, लपवून काय उपयोग.

तू बाहेर आलीस, चपला घातल्यास आणि थेट माझ्या टेबलाशी आलीस. "हे तुझंच डोकं."

"असेल."

"वंदू, हे कागद असेच गेले तर मशीन आहे तशीच राहणार. वर्षानुवर्षं तुमी मांडीवर लिहीत बसणार. एवढं एकदा विचारलंय कोणीतरी, तर सांगा ना तोंड उघडून!"

तेव्हा मी तुला बाबांचं सांगितलं. गावात पहिल्यांदा मोजणीवाली माणसं आली तेव्हा मी परकरात होते. त्यांच्याकडेही छापील कागद होते. घरात माणसं किती, भाताची खाचरं किती, मिठागरात हिस्सा किती, विहीर कोणाची. बाबांनी मांडी घालून सगळं सांगितलं. खोटं एक अक्षर नाही. आईने चहा केला, माझ्या काकाने त्यांना वाट दाखवली. आणि मग ज्या क्रमाने आम्ही सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं गेलं. बाबा अजून म्हणतात, "त्यांनी इचारलान, मी सांगतलां. चा पन पाजला." शिवी देत नाहीत, तेवढंच म्हणतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या घरी अजून कोणी नाव विचारलं तरी आई आधी "कशाला?" म्हणते.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुझ्या बाबांना विचारलं आणि घेतलं. आमच्या अण्णांना आयुष्यात कोणी विचारलंच नाय. गावात होते तेव्हा कुठं बसायचं, कुठल्या बाजूने जायचं ते सांगायचे. मुंबईला आले तर मुकादम सांगायचा. तुमाला काय वाटतं, तुमाला जड जातं का, असं त्यांना मरेपर्यंत एका माणसाने विचारलं नाय. मला ना वंदू, तो कागद हातात आला तेव्हा रडायला आलं होतं. बटणांबद्दलचे फालतू प्रश्न, पन मला कोणीतरी विचारतंय."

 माझा राग तरीही गेला नाही, कारण तुझं खरं होतं आणि माझंही खरंच होतं. हा वाद आपण पुढे कितीदा घातला. बसमध्ये, डबा खाताना, एकदा तर तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी. तू म्हणायचीस, न विचारण्यासारखा अपमान नाही. मी म्हणायचे, विचारून नेण्यासारखा दरोडा नाही. मिटला नाहीच तो वाद. आता मी एकटी दोन्ही बाजूंनी बोलते आणि तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

त्या दिवशी मात्र तू जे केलंस ते फक्त तुलाच सुचलं असतं. एक कोरा कागद घेतलास, त्यावर पाच-पाच चौकटी आखल्यास आणि माझ्यापुढे सरकवलास. "आधी तू मला विचार. वाक्यं तू लिही, खुणा मी करते. खाली सही करते, नावानिशी."

सेक्शनमधल्या सगळ्या भोवती जमल्या. मी पेन उघडलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'मी सेक्शनची माणूस आहे, मॅनेजमेंटची नाही.' तू शेवटची चौकट धरलीस, पूर्ण पटतं. मनात म्हटलं, हे कोणीही करेल. दुसरं लिहिलं, 'कागदावर नाव नसलं तरी कोणी काय लिहिलंय ते मला ओळखता येतं.' तू पुन्हा शेवटचीच चौकट धरलीस. "ज्योतीची खूण तिरकी असते," म्हणालीस, "आणि तुझी तर कागद फाडते." सगळ्या चमकल्या. हे तू सहज लपवू शकली असतीस.

मग मी खरं वाक्य लिहिलं. 'या कागदांमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही.'

तू पेन हातात धरून बसलीस. मी तुझ्या हाताकडे बघत होते. आणि तू मधली चौकट धरलीस.

"मला नाय माहीत," म्हणालीस. "मी साहेबांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले. पन मला नाय माहीत."

तू 'पूर्ण पटतं' धरलं असतंस तर मी कागद तुझ्या तोंडावर फेकला असता.  आमची मधली चौकट लपायला होती आणि तुझी मधली चौकट खरी होती. तू सही केलीस, कागद मला दिलास आणि मी तो तुझ्यादेखत फाडला. कागदावर माझा भरवसा कधीच नव्हता. मला फक्त तुझा हात बघायचा होता.

त्यानंतर तू मला म्हणालीस, "आता पहिलं वाक्य तुला. सुमन सेक्शनची माणूस आहे. पटतं?" मी तीन बोटं वर केली. पहिल्यापासून मोजलं तर तिसरी चौकट, मधली. तू पेनाला टोपण लावलंस. ते पुन्हा कधी विचारलं नाहीस.

सगळ्यांनी कागद नव्याने भरले. धास्ती वाटते, हो, पूर्ण पटतं. पावती गडप होते, आम्ही मांडीवर लिहून घेतो, हेही ज्योतीने खाली लिहून टाकलं. मीही खरं लिहिलं, कागद फाटेपर्यंत दाबून. यावेळी आकडा निम्म्याच्याही बराच खाली आला आणि कर्णिकचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तो वाईट माणूस नव्हता. महिनाभराने मशीनमध्ये त्याने एक बदल केला. पावती पुसायचं बटण दाबलं की आता ती आधी विचारायला लागली, नक्की पुसू का, हो की नाही. पहिल्यांदा तो प्रश्न उमटला तेव्हा तू काचेतून माझ्याकडे बघितलंस आणि भुवया उडवल्यास. विचारलं की नाही बघ, असं. तरीही मी मांडीवर लिहिणं सोडलं नाही. बाकीच्यांनी सोडलं.

त्या काचेने आपल्याला बोटांची भाषा लावली, चौकटींसारखीच, एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण. आत तू, बाहेर मी, ऐकू काही येत नाही. मी डब्याकडे बोट दाखवायचे, तू चार बोटं, भाजी बरी आहे. साहेबांचा मूड? एक बोट. साडेपाचची बस मिळेल? दोन. पुढे तर आपण समोरासमोर बसूनही बोटांनीच उत्तरं द्यायचो आणि ज्योती चिडायची. त्या दिवसांइतकी मी ऑफिसात कधी हसले नाही, सुमन. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

आणि मग मालतीबाईंना हलवलं. सोमवारी त्यांच्या टेबलावर कोणी नव्हतं. चौकशी केली तर कळलं, त्यांना गेटच्या केबिनला दिलंय, आलेल्या ट्रकची नोंद ठेवायला. धूळ, डिझेलचा धूर, हमालांची आरडाओरड आणि आमच्या मालतीबाई तिथे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. खुणा ओळखता येतात, असं तू स्वतः सही करून सांगितलं होतंस. मालतीबाईंचा कागद कोणता ते तुला माहीत होतं.

मी काचेसमोर जाऊन उभी राहिले. तू आत होतीस. मी मालतीबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं, मग तुझ्याकडे. तू? तूच?

तू माझ्याकडे नीट बघितलंस. आणि तीन बोटं वर केलीस.

मला तो खोटेपणाचा कळस वाटला. हो म्हण, नाही म्हण. तीन काय? माहीत नाही म्हणतेस? तुला माहीत नाही? आत शिरून तुला जाब विचारणार होते, पण चपला काढायच्या आठवल्या आणि तिथेच राहिले. त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. डबा वेगळा, बस वेगळी. तू दोनदा बोलायला आलीस, मी मशीनमध्ये डोकं घातलं. सेक्शनमध्ये सगळ्यांना सांगत फिरले की कागदांचं काय होतं ते बघा. तुझ्या कानावर ते गेलं असणार. तू ताकास तूर लागू दिली नाहीस.

बाबा पडले त्या पावसाळ्यात तू घरी आलीस म्हणून आपलं बोलणं सुरू झालं. बोनकोड्याला तू आधी कधी आली नव्हतीस. विचारत विचारत आलीस, चिखलाने पाय भरलेले, हातात मोसंबी. मी दारात उभी राहून "बस" म्हटलं नाही. तू मला बाजूला सारून बाबांच्या खाटेशी जाऊन बसलीस.

"बाबा," म्हणालीस, "तुमचं शेत कुठं होतं?"

 आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो.  बाबा छताकडे बघत बोलायला लागले. कुठे खाचरं होती, भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध कसा घालायचे, मिठाची रास कशी चमकायची, जिथे आता मुरूम टाकून सपाट केलंय तिथे चिंबोऱ्या कशा मिळायच्या. तू मध्ये मध्ये नुसतं "मग?" म्हणत होतीस. दुपार गेली. आईने तुला न विचारता चहा केला आणि मी दारातच उभी होते, ही बाई आता काय मागते याची वाट बघत.

तू काही मागितलं नाहीस. मोसंबी ठेवून, पाय पुन्हा चिखलात घालून गेलीस. बाबा म्हणाले, "पोर चांगली हाय. इचारलान, पन नेलान काय नाय."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासमोर डबा उघडला. मालतीबाईंचा विषय आपण दोघींनीही काढला नाही. माझ्या मनात तो होताच. तू कितीही हसलीस, कितीही चांगली वागलीस तरी मागे कुठेतरी ती रिकामी खुर्ची दिसायची. बाबांना बोलतं केलंस म्हणून तुझे उपकार मी मानत होते आणि त्याच वेळी तुझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. असं दोन्ही एकदम करता येतं, हे मला तुझ्यामुळे कळलं.

मग तुझं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणालीस, मग गॅस, मग एक दिवस आलीच नाहीस. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू इतकी बारीक झाली होतीस की मला तुझी खाट पटकन सापडली नाही. नाकात नळी होती, बोलायला तुला त्रास होत होता. तुझे मिस्टर पाणी आणायला बाहेर गेले होते. मी वाकून विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर? बरी होशील ना, सुमे?"

सुई टोचलेला हात तू चादरीवरून उचललास. तीन बोटं.

काय सांगू, मला किती हायसं वाटलं! माहीत नाही म्हणालीस म्हणजे आशा आहे. निम्मे तरी आहेत. मी घरी जाऊन आईला सांगितलं, काळजीचं आहे पण अजून काही सांगता येत नाही. तू तेव्हा माझा हात धरून ठेवला होतास. मी म्हटलं, सोड, बस चुकेल माझी. आणि खरंच गेले, सुमन. पुढच्या रविवारी येते म्हणाले. पुढच्या रविवारी तू नव्हतीस.

आता कालचं. बसस्टॉपवर मालतीबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "वंदना, तू तिच्यावर उगाच राग धरलास गं. गेटला मीच मागून घेतलं."

मला आधी कळेचना.

"ती हिरवी अक्षरं मला दिसायचीच नाहीत. डोळ्यांपुढे नुसतं हिरवं पसरायचं. तुम्ही पोरी मांडीवर लिहायच्या भीतीने. मी लिहायची कारण मला दिसत नव्हतं, आणि लिहूनसुद्धा टाइप चुकायचं. माझ्या चुका सुमन दुपारी आत बसून सुधारायची. मीच तिला म्हटलं, मला हातानं लिहायचं काम दे कुठेही, पण कारण कोणाला सांगू नको. माझ्या गळ्याची शपथ घातली तिला. मालतीबाईंना जमेना म्हणून हलवलं, असं नको होतं मला. साहेबांनी उगाच हलवलं, असंच राहू दे म्हटलं."

"मला तरी सांगायचं," मी म्हटलं.

"तुला तर अजिबात नाही! तू माझा कैवार घेऊन सगळ्या मार्केटात भांडली असतीस."

ते खरं आहे. भांडलेच असते. मी तुझी माफी मागणार नाही, सुमन. संशय मला वारशात मिळालाय, जमीन नाही मिळाली, तो मिळाला. तूही एका शब्दाने सांगू शकली असतीस आणि सांगितलं नाहीस. पण तिथे स्टॉपवर उभ्या उभ्या माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरायला लागलं. काचेआडून तू तीन बोटं केलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं असं नाही. तुला सगळं माहीत होतं. ते सांगायचं नव्हतं, आणि माझ्याशी खोटंही बोलायचं नव्हतं. म्हणून तू मध्ये थांबलीस.

मग हॉस्पिटलमधली तीन बोटं कुठली?

तुला माहीत होतं ना? डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला. माहीत असूनच तू माझा हात धरला होतास आणि मी बसचं कारण सांगत होते. वंदू डॉक्टरांशी भांडेल, हॉस्पिटल डोक्यावर घेईल, म्हणून हिलाही सांगायचं नाही, असंच ठरवलं होतंस ना? मिस्टरांना विचारावं म्हणून मी दोन पावलं तुमच्या बिल्डिंगकडे परत गेलेही. मग थांबले. तेवढ्यात बस आली आणि मालतीबाईंनी मला आत ढकललं.

खिडकीशी बसले. तुझ्या गॅलरीत अजून तुझा तो निळा गाऊन वाळत होता, कोणाला काढायचं सुचलं नसेल. ते पाहिलं आणि तू मला विचारलेलं एकच वाक्य आठवलं. सुमन सेक्शनची माणूस आहे, पटतं? मी तीन बोटं केली होती. तुझी तीन बोटं ओळखायला मला एवढी वर्षं लागायला नको होती, कारण माझी स्वतःचीही तशीच होती. तू सेक्शनचीच आहेस हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझा हात मधल्या चौकटीवर थांबलेला बघितला, तेव्हापासून माहीत होतं. सांगायचं नव्हतं एवढंच.

बस हलली. मी गॅलरीकडे बघत हात वर केला, पाची बोटं पसरून, तू असतीस तर काचेतून तुला दिसली असती तशी. वळणावर बिल्डिंग दिसेनाशी झाली तरी हात तसाच राहिला.

कंडक्टर माझ्यापुढे येऊन उभा होता. म्हणाला, "पाच? ताई, एकट्याच आहात ना तुमी?"

"हो," मी म्हटलं, "एकटीच."